पाच सेंटिमीटर पाणी: ढाक्याच्या बबल सीपॅप चाचणीचं प्रकरण

तीव्र न्यूमोनिया झालेलं तान्हं मूल कण्हतं. श्वास सोडताना दर वेळी ‘अं... अं...’ असा बारीक आवाज येतो. घरच्यांना वाटतं, कुठंतरी दुखत असेल. ते मूल त्या वेळी स्वतःवरच उपचार करत असतं.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या वायुकोशांत पाणी नि पू साचतो आणि ते मिटू लागतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जोरात मारावी लागते ते आठवा; थोडी हवा आत राहिलेला फुगा मात्र चटकन फुगतो. मूल श्वास सोडताना घशाचं दार अर्धवट लावून घेतं. त्यामुळे थोडी हवा आत अडकून राहते आणि वायुकोश पुरते मिटत नाहीत. कण्हणं म्हणजे त्या अर्धवट दारातून निसटणाऱ्या हवेचा आवाज. पण एवढं काम कुपोषित, जुलाबानं गळालेलं मूल किती तास करणार? ते दमतं. कण्हणं थांबतं. आणि नेमकं तेव्हाच आजी म्हणते, आता जरा शांत झोपलंय.

हे अर्धवट लावलेलं दार बाहेरून पुरवता येतं. नाकात नळी बसवून सतत थोड्या दाबानं हवा आणि ऑक्सिजन देत राहायचं, म्हणजे श्वास सोडतानाही आतला दाब शून्यावर येत नाही. याला सीपॅप म्हणतात. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर ते वापरून दाखवलं. वीस बाळं होती, त्यातली सोळा जगली. त्या काळात हा आकडा चकित करणारा होता. दाब राखायला महागडं यंत्रच लागतं असं नाही. श्वास सोडायच्या नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवून ठेवलं की झालं. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल, तर बाहेर पडणाऱ्या हवेला पाच सेंटिमीटर पाणी रेटूनच बुडबुडा काढावा लागतो. तेवढा दाब मुलाच्या छातीत टिकतो. नळी आठ सेंटिमीटर खोल नेली की दाब आठ. पट्टीवर मोजता येईल असा उपचार! त्याचंच नाव बबल सीपॅप. आपल्याकडच्या नवजात अतिदक्षता कक्षांतही ते वर्षानुवर्षं बुडबुडतं आहे.

मग ढाक्यात नवीन काय घडलं?

महंमद जुबायर चिश्ती हे बांगलादेशी बालरोगतज्ज्ञ. १९९६ साली सिल्हेटच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांनी उमेदवारी सुरू केली, आणि पहिल्याच रात्री तीन मुलं न्यूमोनियानं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढे त्यांनी हे अनेकदा सांगितलं आहे. त्या रात्री आपण रडलो, हेही. नंतर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला काम करताना त्यांनी बबल सीपॅप पाहिलं. तिथलं तयार यंत्र काही हजार डॉलरचं, आणि व्हेंटिलेटर त्याहून कितीतरी महाग. परत आल्यावर त्यांच्या हाती लागली शॅम्पूची एक रिकामी बाटली. तळाशी थोडा शॅम्पू उरला होता, त्याचे बुडबुडे येत होते. बाटलीत पाणी, सलाईनची नळी, नाकात घालायच्या ऑक्सिजनच्या नळ्या, जुळणी झाली.

बाटलीची गोष्ट इथवर जगभर छापून आली. बातम्यांमध्ये ती इथंच थांबते. माझ्या मते प्रकरण इथं सुरू होतं.

जागा महत्त्वाची आहे. ढाक्यात महाखाली भागात आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेचं रुग्णालय आहे; चिश्ती तिथलेच. गावातले लोक त्याला अजून ‘कॉलरा हॉस्पिटल’च म्हणतात, कारण १९६० साली संस्था कॉलरा संशोधनाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे रुग्ण वाचतात, हे सिद्ध करण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. स्वस्त उपाय घ्यायचा, पण तो नीट मोजून तपासायचा, ही त्या घराची जुनी सवय. दुसरी गोष्ट म्हणजे इथं येणारी मुलं मुख्यतः जुलाबासाठी येतात. न्यूमोनिया असलेलं मूल बहुतेकदा सुकलेलं आणि कुपोषितही असतं.

त्यामुळे निदानापासूनच पंचाईत. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनिया ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेनं सोपी खूण दिली आहे: घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षं चाळीस. त्यात छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात ते दिसत असेल, तर आजार गंभीर. या मोजणीवर खेड्यात किती काम होतं ते गडचिरोलीनं दाखवून दिलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दाई आणि गावातल्या आरोग्यसेवकांना श्वास मोजून को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवलं. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात उपचार झालेल्या ६१२ न्यूमोनियांपैकी ०.८ टक्के मुलं दगावली होती, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

पण कुपोषित मुलात ही खूण फसवते. छाती आत ओढायला बरगड्यांमधल्या स्नायूंत जोर लागतो, आणि तोच त्या मुलात नसतो. श्वासही हवे तेवढे वाढत नाहीत. चिश्ती आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याच प्रश्नावरचे अभ्यास गोळा करून तपासले होते: अतिकुपोषित मुलात नेहमीच्या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून चाचणीत कुणाला घ्यायचं हे ठरवताना डोळ्यांच्या जोडीला यंत्र आलं. गंभीर न्यूमोनियाच्या खुणा हव्यात, आणि पल्स ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या खाली हवा. ते चिमट्यासारखं यंत्र २०२१ मध्ये आपल्या घराघरात पोचलं. २०११ साली ढाक्यात ते या चाचणीचं प्रवेशद्वार होतं.

४ ऑगस्ट २०११ ला पहिलं मूल घेतलं, १७ जुलै २०१३ ला शेवटचं. एकूण २२५. प्रतिजैविकं आणि बाकीची शुश्रूषा सगळ्यांना. फरक फक्त ऑक्सिजन देण्याच्या पद्धतीत, आणि कुणाला कोणती पद्धत हे चिठ्ठीवर. एका गटाला नाकातल्या नळीनं मिनिटाला दोन लिटर, म्हणजे जगभरच्या गरीब रुग्णालयांत देतात तसा साधा ऑक्सिजन: ६७ मुलं. दुसऱ्याला यंत्रातून गरम, ओलसर करून वजनाच्या हिशेबानं जास्त वेगानं दिलेला: ७९ मुलं. तिसऱ्याला बाटली: ७९ मुलं. कोणाला काय चाललंय हे लपवणं शक्य नव्हतं. बुडबुडे सगळ्यांना ऐकू येतात.

‘उपचार फसला’ कधी म्हणायचं तेही आधीच लिहून ठेवलं होतं. तासाभराच्या उपचारानंतरही मूल खालावलं, त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, ते दगावलं, किंवा आईबाप सल्ल्याविरुद्ध त्याला घरी घेऊन गेले, तर. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. कागदी चाचण्यांत अशी मुलं ‘माहिती उपलब्ध नाही’ या रकान्यात नाहीशी होतात. मरणाऱ्या मुलाला घरी नेणारा बाप काय जाणतो हे ढाक्याच्या डॉक्टरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते अपयशात मोजलं.

साध्या ऑक्सिजनवर १६ मुलांत उपचार फसला, म्हणजे २४ टक्के. जास्त वेगाच्या ऑक्सिजनवर १० मुलांत, १३ टक्के. बाटलीवर ५ मुलांत, ६ टक्के. मृत्यू साध्या गटात १०, वेगाच्या गटात १०, बाटलीच्या गटात ३. बाहेरची एक समिती मधून मधून आकडे पाहत होती. साध्या ऑक्सिजनवर एवढी मुलं जाताहेत हे दिसल्यावर तिनं त्या गटात नवी मुलं घेऊ नयेत असं सुचवलं, आणि चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबली. २०१५ साली निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

दहा विरुद्ध तीन. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की निकाल लागला. पण निबंधाचे लेखक स्वतःच लिहितात की चाचणी लवकर थांबल्यानं निष्कर्षांची खात्री कमी होते. हे वाक्य औपचारिक नम्रता म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

नाणं शंभर वेळा उडवायचं ठरवलं आणि मधे मधे डोकावून पाहत राहिलात, तर एखाद्या वळणावर छापे बरेच पुढे गेलेले दिसणारच. तिथंच खेळ थांबवला, तर नाणं खोटं आहे असं वाटेल. म्हणून मधेच डोकावणाऱ्यांनी पुराव्याची पट्टी उंच ठेवायची असते. ढाक्यानं ती ठेवली होती. खरा आकडा कोणत्या दोन टोकांमध्ये असावा हे सांगताना नेहमीच्या ९५ टक्क्यांऐवजी ९९.७ टक्के खात्रीचा पल्ला घेतला. त्या पल्ल्यात बाटलीवर उपचार फसण्याचा धोका साध्या ऑक्सिजनच्या ०.०७ ते ०.९९ पट एवढा पसरला. एक म्हणजे ‘काही फरक नाही’. निकाल उंबरठ्याच्या आत आला खरा, पण पाऊल उंबऱ्यावरच. मृत्यूंचं आणखी नाजूक. बाटलीच्या गटात आणखी दोन-तीन मुलं गेली असती, तर फरक योगायोगाचा म्हणावा लागला असता. आणि जास्त वेगाच्या ऑक्सिजनपेक्षा बाटली चांगली, असं तर आकड्यांतून ठामपणे निघालंच नाही.

मग समितीनं चूक केली का? मला नाही वाटत. समोर मुलं मरताहेत, एका गटात दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट, आणि आपण म्हणायचं की संख्या भरेपर्यंत थांबू? त्या खोलीत बसून असं म्हणणं फार थोड्यांना जमेल, आणि ज्यांना जमेल त्यांच्या हाती माझं मूल मी देणार नाही. फक्त त्या निर्णयाची किंमत पुढच्यांना मोजावी लागते, हे कळून घ्यायचं.

ती मोजावी लागली मलावीत. मलावी सरोवराजवळ सलिमा नावाचा जिल्हा आहे, तिथलं जिल्हा रुग्णालय. जून २०१५ ते मार्च २०१८ या काळात एरिक मॅक्कलम, टिसुंगाने म्वालो आणि सहकाऱ्यांनी जवळपास हाच प्रश्न विचारला. त्यांनी मुलं मुद्दाम जास्त धोक्याची निवडली: गंभीर न्यूमोनिया आहे आणि त्याबरोबर एचआयव्हीचा संसर्ग किंवा आईकडून त्याचा संपर्क, किंवा तीव्र कुपोषण, किंवा ऑक्सिजन नव्वदच्या खाली. ज्यांना सीपॅपची सर्वांत गरज, तीच ही मुलं, असं कुणीही म्हणेल. ९०० मुलं घ्यायची होती. ६४४ झाल्यावर चाचणी थांबली, पण कारण ढाक्याच्या उलट. पुढे नेऊनही सीपॅपचा फायदा दिसण्याची आशा उरली नव्हती. साध्या ऑक्सिजनवर ३२३ पैकी ३५ मुलं दगावली, ११ टक्के. सीपॅपवर ३२१ पैकी ५३, म्हणजे १७ टक्के.

तेच बुडबुडे. ढाक्यात वाचवणारे, सलिमात बहुधा मारणारे.

आणि सलिमातली उपकरणं शॅम्पूच्या बाटलीपेक्षा सरस, कारखान्यात बनलेली होती. म्हणजे जुगाडाला दोष देऊन सुटका नाही.

फरक कुठं पडला असावा? मुलं वेगळी होती, एचआयव्हीचं सावट होतं, हे खरं. पण निबंध वाचताना माझी नजर एका तपशिलावर अडते: सलिमाच्या त्या कक्षात रोज डॉक्टरची देखरेख नव्हती, आणि व्हेंटिलेटरही नव्हता. प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका नि इतर कर्मचारी होते. चाचणी मुद्दाम तशी आखलेली होती, कारण मलावीतल्या बहुतेक जिल्हा रुग्णालयांत परिस्थिती तीच. संशोधकांचा प्रश्न प्रामाणिक होता: जिथं डॉक्टर नाही, तिथं हे चालेल का? उत्तरही तितकंच प्रामाणिक मिळालं.

ढाक्यात काय होतं? डॉक्टर चोवीस तास, मुलांवर सतत लक्ष ठेवणारा कक्ष, आणि जुलाबाच्या हजारो मुलांवर हात बसलेल्या परिचारिका. सीपॅपवरच्या मुलाला नुसती नळी लावून भागत नाही. दाबाची हवा फुप्फुसात जाते तशी पोटातही जाते. पोट फुगलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो आणि श्वास आणखी अवघडतो. म्हणून पोटात नळी घालून हवा काढत राहावं लागतं. अशा वेळी कुणी प्रेमानं दूध पाजलं, तर ते उलटून श्वासनळीत जाऊ शकतं. दाब जास्त झाला, तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत साचते, आणि ते काही मिनिटांत ओळखलं नाही तर मूल हातचं जातं. साध्या ऑक्सिजनची नळी निघाली, तर मूल पहिल्याएवढंच आजारी राहतं. सीपॅपचं तसं नाही. ते दुर्लक्षिलं, तर स्वतःच इजा करतं.

मधल्या काळात घानामधून सीपॅपचीच एक मोठी चाचणी आली होती, २०१७ साली. दोन रुग्णालयं, श्वास लागलेली सुमारे २२०० मुलं. सगळ्यांचा मिळून फरक नाही: सीपॅपवर मृत्यू ३ टक्के, सीपॅपविना ४ टक्के. एक वर्षाखालच्यांत मात्र ३ विरुद्ध ७. पण ही वयाची वाटणी निकाल पाहिल्यावर केलेली होती, म्हणून तिच्यावर फार भार टाकायचा नाही.

सलिमाचा निकाल आल्यावर ढाक्याची मंडळी गप्प बसली असती, तरी कुणी बोललं नसतं. ती इथिओपियात गेली. स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेऊन आधी काही मोजक्या रुग्णालयांत हे जमतं का ते पाहिलं, आणि मग चाचणीची मांडणीच बदलली. इथं चिठ्ठी मुलाच्या नावाची नव्हती, रुग्णालयाच्या नावाची होती. १२ सामान्य रुग्णालयं, त्यातली सहा बबल सीपॅपची, सहा साध्या ऑक्सिजनची. एका रुग्णालयात एकच पद्धत असल्यानं तिथला सगळा कक्ष तीच एक गोष्ट शिकतो, तीच रोज करतो. आणि देखरेखीला डॉक्टर असतो. जून २०२१ ते जुलै २०२२ मध्ये १२४० मुलं, दोन्हीकडे ६२०. साध्या ऑक्सिजनवर २१ मृत्यू, बबल सीपॅपवर ५.

हा निकाल वाचून मी लगेच खूश झालो नाही. दोन्ही गटांतले मृत्यू ढाका आणि सलिमाच्या मानानं खूपच कमी आहेत, म्हणजे मुलंही त्या मानानं कमी खालावलेली असावीत. सलिमातल्या एचआयव्हीग्रस्त, हाडं दिसणाऱ्या मुलांबद्दल इथिओपिया काही सांगत नाही. पण एवढं दिसतं की संस्थेच्या ओळखीच्या आवाराबाहेर, दुसऱ्या देशातल्या साध्या रुग्णालयांत, डॉक्टर आणि शिकलेल्या परिचारिका हजर असतील तर बाटली काम करते.

म्हणून ‘सव्वा डॉलरची बाटली’ हे शब्द बातम्यांत वाचले की मला थोडा रागच येतो. बाटली सव्वा डॉलरची असेल. तिच्याशेजारी रात्री तीनला जागी असलेल्या परिचारिकेचा पगार त्या हिशेबात कुणी धरला? पल्स ऑक्सिमीटर, न संपणारा ऑक्सिजन, पोटातली नळी, हाक मारल्यावर येणारा डॉक्टर? स्वस्त बाटलीचा फोटो काढून नेता येतो आणि वाटता येतो. कक्ष तसा नेता येत नाही. आपल्याकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात उद्या कुणी दहा बाटल्या देणगी म्हणून दिल्या, तर पहिली चौकशी रात्रपाळीला किती जणी असतात याची व्हायला हवी. एका परिचारिकेवर तीस खाटा असतील, तर त्या कक्षात साध्या नळीचा ऑक्सिजनच सुरक्षित, असं सलिमाचे ५३ मृत्यू सांगतात.

बाटलीची एक गंमत मात्र मान्य केली पाहिजे. ती स्वतःच चौकीदार आहे. नीट चालू असेल तेव्हा एकसारखी गुडगुडते. गुडगुड थांबली, की चारांपैकी एक घडलेलं असतं: नळी कुठंतरी दुमडली, नाकातली जोडणी सुटली, मुलानं तोंड उघडं टाकल्यामुळे हवा तिथून निसटते आहे, किंवा सिलिंडर रिकामा झाला. चारांवरही उपाय दोन मिनिटांचा आहे. वीज गेली तरी ही खूण चालते, वाचता न येणाऱ्या आईलाही कळते. भारी यंत्रांच्या पिपाण्या इतक्या वेळा उगाच वाजतात की कक्षातले कान त्यांना सरावतात. इथं उलटं आहे, इथं आवाज बंद पडणं हाच इशारा. फक्त ती शांतता ऐकायला खाटेपाशी कुणीतरी असावं लागतं.